वजनातून सुटलेला लंगोट

पावडरच्या दुधाचा डबा मी आणला. मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं नाही, मुलानं नाही, सुनेनं तर नाहीच. मी आपणहून उठलो, कानटोपी घातली, मार्केटमधल्या केमिस्टकडून डबा घेतला आणि घरी येऊन सुनेच्या समोर टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. हे आधी सांगून टाकतो. शेवटासाठी ठेवलं तर लाजेपायी गाळून टाकीन.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मामा दिल्लीला कस्तुरबा गांधी मार्गावर सरकारी कचेरीत शिपाई होता. त्यानं मला गावाहून आणून फरीदाबादच्या एका कारखान्यात चिकटवलं. तिथं मी छत्तीस वर्षं वजनकाट्यावर होतो. गाडी रिकामी येते तेव्हा तोलायची, भरून निघते तेव्हा परत तोलायची. दोन्हीतला फरक म्हणजे माल. काम एवढंच, पण लबाडी फार. रिकाम्या गाडीत क्लीनरला झोपवून ठेवायचे, सीटखाली दगड भरायचे, आणि भरलेली गाडी काट्यावर यायच्या आधी क्लीनर चालत आणि दगड गटारात, म्हणजे माल कमी दिसायचा. मी सगळं पकडायचो. आधी खाली उतरून सीट उचलून बघायचो, मगच काटा बघायचो. ड्रायव्हर शिव्या देत, पण मानत. ही फुशारकी नाही. पुढं मी काय केलं ते कळावं म्हणून सांगतोय.

बायको श्रावणात गेली. सून तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. जायच्या आधी, आषाढात, बायको अळीव शोधून आली होती. दिल्लीकडं अळीव म्हटलं तर पंसारी, म्हणजे किराणावाला, तोंडाकडं बघतो, म्हणून ती दोन-तीन दुकानं फिरली आणि बरणी भरून ठेवली. "बाळंतिणीला खीर लागेल. वेळेवर मिळत नाहीत इथं," म्हणाली. आपल्या जुन्या सुती साड्याही तिनं फाडल्या, त्याचे लंगोट केले, धुऊन घड्या घालून पिशवीत भरले. तिला दिसत होतं बहुतेक. मला काही दिसलं नाही.

नात कार्तिकात झाली. सुनेची आई वीस दिवस राहिली, मग तिच्या घरचं दुखणं निघालं म्हणून परत गेली. मुलगा सकाळी आठला गुडगावला निघतो, अंधार पडल्यावर येतो. दिवसभर घरात आम्ही तिघं. मी, सून आणि ती मूठभर नात. घरात मोठी बाई नाही म्हटल्यावर मला वाटलं, आता ते काम माझ्याकडं आलं. मोठ्या बाईचं काम म्हणजे काय, तर सांगायचं. असंच मला वाटत होतं. करायचं मला सुचलंच नाही. एक लंगोट धुण्याचं तेवढं माझ्याकडं होतं, तेही कामवालीनं "बाबूजी, ये मैं ना करूँ" म्हणून हात झटकले म्हणून. गच्चीवर दोरीला बायकोच्या साड्यांचे तुकडे वाळत घालताना ओळखायचो, हा जांभळा हळदीकुंकवाचा, हा पिवळा पुण्याहून आणलेला. कुणाला बोललो नाही.

नातीला दीड महिना व्हायला दोन-तीन दिवस होते. पौषातली थंडी, बाहेर धुकं, दहा वाजले तरी ऊन नाही. आणि पोरगी एकाएकी बिघडली. आतापर्यंत प्यायची, दोन-अडीच तास झोपायची. आता प्यायली की अर्ध्या तासात पुन्हा तोंड उघडायची. मूठ चोखायची, मान इकडंतिकडं फिरवायची, मग रडायची. सून पुन्हा घ्यायची. असं सकाळपासून.

"परत?" मी विचारलं.

"परत," सून म्हणाली. ती दिल्लीतच वाढलेली, तिची मराठी अशी अर्धी इकडची अर्धी तिकडची. "काय झालंय हिला, यार."

"आत्ताच तर पाजलंस."

"हो बाबा."

"अर्धा तासही झाला नाही."

"बाबा, मला माहीत आहे. मीच पाजलं."

मी गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. "पोट भरत नाही तिचं. तुझं दूध पुरत नाही."

सुनेनं मान वर केली. तिचे डोळे झोप नसल्यानं लाल होते. पण आवाज शांत होता. "पुरतं बाबा. बाळ एकदम वाढतं ना, तेव्हा दोन-तीन दिवस असं करतं. सारखं मागतं. मागेल तसं दिलं की दूध आपोआप वाढतं. मग ठीक होतं, बिल्कुल."

"कुणी सांगितलं? मोबाइलनं?"

"नाही. मोबाइलनं नाही."

मग कुणी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझ्या डोक्यात काटा आला होता.

कोपऱ्यावर भाजीची रेहडी, आपली हातगाडी, लागते. त्या भाजीवाल्याकडं बॅटरीचा काटा आहे, पाच-पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मी त्याला म्हटलं, दुपारी तुझं गिऱ्हाईक नसतं, तासाभरासाठी दे.

"क्या तोलोगे चाचा?"

"पोती को."

"बच्ची है कि तरबूज?" तो हसला, पण काटा दिला. वर म्हणाला, "पोंछ के रखना, सुबह इस पे मूली थी."

मी काटा पुसला, टेबलावर ठेवला, वर प्लास्टिकचा टब, टबात दुलई. सगळं शून्यावर आणलं. सून दारात उभी राहून बघत होती. "बाबा, हे काय?"

"काही नाही. पाजण्याआधी तोलायची, पाजल्यावर तोलायची. फरक तो माल. भांडण नको, काटा सांगेल."

"माल?" ती म्हणाली. पण तिनं पोरगी दिली. का दिली, हे मला आता कळतं. तिलाही भीती वाटत होती. आदल्या दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि वर मी सकाळपासून पुरत नाही पुरत नाही करत होतो. कुणाला वाटणार नाही?

आधीचं वजन, कोरड्या लंगोटासकट, आलं चार किलो दोनशे ऐंशी. सून आत गेली, पाऊण तासानं आली. पोरीचा लंगोट भिजला होता. मी तो काढून बादलीत टाकला, कोरडा बांधला आणि काट्यावर ठेवली. ओल्या लंगोटाचं खोटं वजन धरायला नको. मी सरळ माणूस.

चार किलो तीनशे.

"वीस ग्रॅम," मी म्हटलं. "पाऊण तास बसलीस आणि वीस ग्रॅम. चार चमचे."

चारच्या सुमाराला पुन्हा तोललं, तर पंधरा ग्रॅम. मी काटा परत देऊन आलो, आणि येताना तो डबा घेऊन आलो.

संध्याकाळी मुलगा आला. सून त्याच्याशी काही बोलायच्या आधीच मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मुलगा म्हणाला, "बाबा, एकदा डॉक्टरला विचारू या ना."

"डॉक्टर काय तोलणार? मी तोललंय. तू याच दुधावर वाढलास. मेलास का?"

मुलगा लहानपणापासून माझ्यापुढं फार बोलत नाही. तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी उकळायला लागला. सुनेनं बाटली धरली. पोरगी आधी तोंड वाकडं करत होती, मग प्यायली, मग झोपली ती साडेतीन तास. मी सोफ्यावर बसून म्हटलं, "बघ. भूकच होती."

सून उठून आतल्या खोलीत गेली. दार लोटलेलं होतं. मी शाल मागायला गेलो, तर ती पलंगावर बसली होती, आणि तिचा स्वेटर पुढून दोन्ही बाजूंनी चिंब झाला होता. हातात टॉवेल होता, पण ती पुसत नव्हती. रडत होती. दूध आपलं वाहत होतं आणि पोर बाहेर डब्याच्या दुधावर झोपलं होतं.

मी मान खाली घालून मागं फिरलो. सुनेला असं बघायला नको होतं. पण तेवढ्यानं मान खाली गेली नव्हती. हे मी आधी एकदा बघितलं होतं.

मुलगा झाला तेव्हा आम्ही कारखान्याजवळ एका खोलीत राहायचो. ना सासू, ना आई. आई गावाला, तिला रेल्वेचा प्रवास नको. मुलगाही असाच दीड महिन्याचा असताना सारखं तोंड उघडायला लागला. मी कारखान्याच्या स्टोअरमधून पितळेची तागडी घरी आणली. एका पारड्यात पोर, एकात वजनं. आधी आणि नंतर. बायको वीस-एकवीस वर्षांची असेल. तागडी बघून ती हसली होती. मग मी वजन सांगितल्यावर हसायची थांबली. तेव्हाही मी डबा आणला. तिनं एकदा बाटली दिली, मग दोनदा, मग चारदा. अडीच महिन्यांत तिचं दूध गेलं. मी शेजारपाजाऱ्यांना सांगायचो, "हिच्या अंगावर दूधच नाही. मी वेळेवर ओळखलं म्हणून पोर वाचलं." तिच्या समोर सांगायचो. ती चहा देत असायची आणि मी सांगायचो.

तेव्हा ती मला काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली होती ते त्या संध्याकाळी आठवेना. आठवू नये अशी व्यवस्था मी केली असणार.

तिसऱ्या दिवशी नातीला दीड महिन्याची लस टोचायची होती. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून दवाखान्यात सुनेबरोबर मी गेलो. तोपर्यंत पाच-सहा बाटल्या झाल्या होत्या. सून मधल्या वेळात पाजत होती, पण पोरगी आधीसारखी ओढत नाही म्हणाली. म्हणाली म्हणजे मुलाला म्हणाली. माझ्याशी ती कामापुरतंच बोलत होती.

लस टोचणारी नर्स पन्नाशीची, हरियाणाची, आवाज दांडगा. तिनं पोरीला तोललं, कार्डावर बघितलं. "वजन तो बढ़िया है. दूध कौन-सा?"

सून म्हणाली, "अपना. और... दो-तीन दिन से डिब्बा भी."

"डिब्बा किसने कहा?"

सून फरशीकडं बघत राहिली. माझं नाव घेतलं नाही. तिला घेता आलं असतं.

"मैंने," मी म्हटलं.

"आप डाक्टर हो?"

"नहीं जी. मैं काँटे पे था."

"अच्छा! तो तोल लिया होगा."

"तोला था. पौन घंटे में बीस ग्राम."

नर्सनं सुई खाली ठेवली. "दिन में कपड़े कितने गीले करती है?"

"दस. किसी दिन ग्यारह."

"बड़ा पक्का बता रहे हो."

"मैं ही धोता हूँ."

"तो चाचा, ऊपर से कुछ जा ही नहीं रहा, तो नीचे से इतना आ कहाँ से रहा है?"

रांगेतल्या बाया हसल्या. एक तर तोंडावर पदर घेऊन हसली. मीही हसलो असतो, पण त्याच क्षणी मला तो लंगोट दिसला. भिजून जड झालेला, जांभळ्या काठाचा, मी स्वतः काढून बादलीत टाकलेला. तो तोललाच नव्हता. पोर प्यायली, त्यातलं तिनं लंगोटात सोडलं, आणि मी तो बाजूला टाकून म्हणालो की माल कमी आहे. छत्तीस वर्षं मी सीटखालचे दगड शोधले. लंगोट सुटला. आणि तो लबाडीनं कुणी लपवला नव्हता, मीच उचलून फेकला होता. त्यात सारखी सारखी पाजलेली पोर एका वेळी थोडंच घेणार, हे तर तोलायचीही गरज नव्हती.

नर्स सुनेला समजावत होती. या वयात बाळ दोन-चार दिवस सारखं अंगाला लागतं, ते दूध कमी म्हणून नाही, वाढ एकदम होते म्हणून. त्याच्या ओढण्यानंच दूध वाढतं. मध्ये बाटली आली की तेवढं ओढणं गेलं आणि तेवढं दूध गेलं. "डिब्बा धीरे-धीरे बंद कर. जब माँगे, लगा ले. हफ्ते बाद वजन दिखा जाना." मग माझ्याकडं बघून, "और चाचा, आप इसको खाना दो. काँटा रहने दो."

बाहेर थोडं ऊन पडलं होतं. दवाखान्याच्या कट्ट्यावर आम्ही ऑटोची वाट बघत बसलो. लस टोचून पोरगी रडून थकली होती आणि शालीच्या आत पीत होती. मी दुसरीकडं तोंड करून म्हटलं, "तू म्हणाली होतीस तसंच निघालं. तुला कुणी सांगितलं होतं?"

तिनं पोरीवरची शाल नीट केली. मग म्हणाली, "आईंनी."

"कोणत्या आईनं?"

"आपल्या. आषाढात, लंगोट फाडत होत्या तेव्हा. तिसऱ्या आठवड्यात, मग दीड महिन्याला, मग तीन महिन्यांना बाळ असं चिकटतं म्हणाल्या. घाबरू नकोस, पदराखालून काढूच नकोस, दोन-तीन दिवसांत निवळतं. आणि..."

"आणि काय?"

"जाऊ दे ना बाबा."

"बोल. आता काय राहिलंय."

"आणि म्हणाल्या, तेवढे दिवस तुझ्या सासऱ्याला काटा आणू देऊ नकोस. मी असेनच म्हणा, मी बघून घेईन. पण नसले तर तू आणू देऊ नकोस." सून रडायला लागली. "मी आणू दिला, बाबा. मला वाटलं, तुम्ही एवढे दुःखात आहात, त्यात अजून कुठं भांडू."

मला काय वाटलं ते लिहायला जमणार नाही. ती पुढं म्हणाली ते मात्र लिहितो. आमची मुलगी धाकटी. तिच्या वेळी बायको सातव्या महिन्यातच माहेरी गेली आणि बाळंत झाल्यावर सहा महिने आली नाही. मी पत्रं पाठवली, मेव्हण्याला शिव्या दिल्या. आयुष्यभर लोकांत म्हणत आलो, "हिला माहेरचं फार वेड. नवरा उपाशी मेला तरी चालेल." ती हसायची. सुनेला तिनं सांगितलं होतं, माहेराचं वेड-बीड काही नाही. दुसरं पोर तरी अंगावर पाजायचं होतं. तिच्या आईनं तिला हे तिसरा आठवडा, दीड महिना, तीन महिने शिकवलं. मुलगी दीड वर्ष प्यायली. तागडीपासून चारशे कोस लांब जाऊन पाजली.

ऑटोत बसल्यावर मला बायकोचं ते वाक्य आठवलं. खोलीत, तागडीसमोर, पोराला कडेवर घेऊन ती म्हणाली होती, "अहो, पण ओल्या लंगोटाचं काय?" आणि मी म्हणालो होतो, "काट्याला लंगोट-बिंगोट कळत नाही. तू चौथीसुद्धा झालेली नाहीस." मी चौथी झालेलो. तिनं बरोबर विचारलं होतं. कारखान्यात काट्यापाशी तिला उभी केली असती तर माझ्याहून चांगलं तोललं असतं तिनं.

घरी आल्यावर मी मुलीला पुण्याला फोन लावला. "तू दीड वर्ष अंगावर प्यालीस ना?"

"बाबा! मी ऑफिसात आहे. काय विचारताय हे?"

"नाही, बरं झालं," म्हटलं, आणि ठेवून दिला. तिला वाटलं बाबांचं डोकं फिरलं. तिनं भावाला फोन केला. मुलाला मात्र मी अजून सांगितलेलं नाही की तुझ्या आईच्या अंगावर दूध होतं. तो लहानपणापासून माझ्या तोंडून उलटंच ऐकत आलाय. सांगायला तोंड उघडतो आणि बातम्या लावतो.

डब्याची बाटली आठ-दहा दिवसांत सुटली. सुनेनं सोडवली. दिवसदिवस पोरीला घेऊन बसली. मी नर्सनं सांगितलं ते केलं. अळिवाची खीर पहिल्यांदा केली तेव्हा भिजवायचे ते सरळ दुधात टाकले आणि करपवले. "बाबा, आई आधी नारळाच्या पाण्यात भिजवायच्या," सून म्हणाली. मग तसं केलं. मुलाच्या वेळी बायको बाळंतीण होती तेव्हा तिला कुणी खीर केली नव्हती. मी डबा आणत होतो, अळीव आणले नाहीत. उरलेली पावडर सून टाकायला निघाली तर मी रिकामा डबा मागून घेतला. तो गच्चीवर नळाशी ठेवलाय, कपड्याच्या साबणाचे तुकडे ठेवायला. रोज सकाळी लंगोट धुताना समोर असतो. असावा.

माघ सरता सरता नातीला तीन महिने झाले. परवा दुपारी ऊन चांगलं होतं. सून गच्चीवर चटई टाकून बसली होती, शाल लपेटून, आणि मी तिच्याकडं पाठ करून दोरीवर लंगोट टाकत होतो. मागून पोरीची कुरकूर ऐकू आली. मग चुळबुळ, मग पुन्हा सगळं शांत, म्हणजे सुनेनं परत अंगावर घेतली. आत्ताच तर पाजली होती, त्यानंतर माझे सहा लंगोटसुद्धा टाकून झाले नव्हते.

माझ्या तोंडात तोच "परत?" आला होता. जिभेच्या टोकावर. इतक्या वर्षांची सवय, मेल्याशिवाय जाणार नाही. सुनेलाही कळलं असावं. मी हातातला पिवळा तुकडा झटकला.

"पाणी आणू का तुला?" मी विचारलं.

"आणा," ती म्हणाली. "आणि ती खीर असेल तर तीपण."

मी जिना उतरलो. खीर होती, पण गार. ती गरम करत उभा राहिलो.